पंप कुठंय? एरीपासून माँट्रियलपर्यंत पाच दिवस

अण्णांनी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बहुतेक उजनीवर आणि उजनीच्या कालव्यांवर. ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात मिसिसागाला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात आम्ही त्यांना नायगारा दाखवून आणला. सगळं जग जिथं तोंडात बोट घालतं, तिथं अण्णांनी कठड्याला रेलून एकच प्रश्न विचारला, "किती क्यूसेक?"

पण परतताना गंमत झाली. सेंट कॅथरिन्सजवळ हायवेचा एक उंचच उंच पूल आहे, गार्डन सिटी स्कायवे. गाडी पुलाच्या मध्यावर आली आणि अण्णा एकदम सीटवरून पुढे सरकले. "अगं, ते जहाज त्या झाडीत काय करतंय?"

खाली वेलंड कालवा होता. नायगाराचा धबधबा कुठल्याच जहाजाला चढता-उतरता येत नाही, म्हणून त्याला वळसा घालून काढलेला. मी म्हटलं, हे जहाज आता धबधब्याच्याही वर चढून जाणार. अण्णा घरी पोचेपर्यंत गप्प. रात्री जेवताना म्हणाले, "नीट बघायला पाहिजे ते."

म्हणून गणपती आटोपल्यावर पाच दिवसांची सुट्टी टाकली. नवरा ऑफिसला, मी चालवायला, अण्णा शेजारी डायरी घेऊन, आणि आई मागे दशम्या, शेंगदाण्याची चटणी नि थर्मास सांभाळत. बेत सोपा होता. एरी सरोवरातून पाणी जसं खाली उतरतं, तसंच आपण उतरत माँट्रियलला जायचं. नकाशावर याचं नाव सेंट लॉरेन्स सीवे. १९५९ साली सुरू झालेला हा जलमार्ग, वेलंड कालवा धरून एकूण पंधरा लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद, त्यातलं पाणी वाढवून-कमी करून जहाज वर-खाली करतात. अटलांटिकमधून निघालेलं जहाज ३,७०० किलोमीटर आत, थेट सुपिरियर सरोवराच्या टोकाला डुलुथपर्यंत जातं. सुपिरियर समुद्रापेक्षा १८३ मीटर उंच. आई म्हणाली, "म्हणजे जहाज घाट चढतं." बरोबर तेच.

दिवस पहिला

सकाळी नऊला पोर्ट कोलबोर्न. इथं एरी सरोवर संपतं आणि कालवा सुरू होतो. गाव टुमदार, रविवारच्या दुपारसारखं शांत. गावातला पूल वर उचलला गेला होता आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, आपल्याकडे रेल्वेचं फाटक पडतं तशा. फरक इतकाच की कुणी फाटकाखालून वाकून जात नव्हतं.

इथला आठव्या नंबरचा लॉक म्हणजे नुसता समतोल राखणारा. एरीची पातळी वाऱ्यानं कमी-जास्त होते, तेवढं सांभाळून घ्यायचं, जहाज फूट-दोन फूट हलणार. लांबी मात्र अफाट, १,३८० फूट. अण्णांना यात फार रस वाटला नाही. एक गोष्ट आईला आवडली. हिवाळ्यात हा सगळा मार्ग बर्फामुळे बंद असतो, साधारण जानेवारी ते मार्च. वसंतात पहिलं जहाज आलं की त्याच्या कप्तानाला समारंभानं उंच काळी टोपी घालतात. आई म्हणाली, "आपले कोळी दर्याला नारळ देतात, हे कप्तानाला टोपी घालतात." मग तिचं तिलाच हसू आलं.

कालवा फक्त ४३.५ किलोमीटर लांब, पण त्यात ९९.५ मीटरचा उतार. जहाजाला हे अंतर कापायला अकरा तासांच्या आसपास लागतात. आम्ही गाडीनं तासाभरात थोरोल्डला पोचलो. इथं चार, पाच, सहा हे तीन लॉक एकाला एक जोडून आहेत, तेही दुहेरी, म्हणजे एक जहाज चढत असताना दुसरं शेजारून उतरू शकतं. खालून बघितलं तर देवळाच्या घाटाच्या पायऱ्या, फक्त एकेक पायरी चार मजली. आमचं नशीब असं की तेव्हा एकही जहाज नव्हतं. रिकाम्या पायऱ्या बघून, दशम्या खाऊन पुढे निघालो.

खरं दर्शन झालं तिसऱ्या लॉकवर. इथं कालव्याचं संग्रहालय आहे, बघायला उंच सज्जा आहे, आणि कुठलं जहाज किती वाजता येणार त्याचा फलक लावतात. फलकावर दोन वीसची वेळ होती. दोन पस्तीसला जहाज आलं. अण्णा म्हणाले, "एसटीपेक्षा बरं आहे."

ते ऑन्टारियो सरोवराकडून, म्हणजे खालून येत होतं. इथल्या सरोवरांतच आयुष्य काढणाऱ्या जहाजांना लेकर म्हणतात आणि समुद्रावरून येणाऱ्यांना सॉल्टी. हा लेकर होता, पूर्ण मापाचा. लॉकमधून जाऊ शकणारं सगळ्यात मोठं जहाज २२५ मीटर लांब आणि २३.८ मीटर रुंद असतं, आणि लॉकची रुंदी २४.४ मीटर. हिशेब केला तर दोन्ही बाजूंना जेमतेम दीड वीत जागा. आगपेटीचा खण आत सरकतो तसं ते लोखंडी धूड आत सरकत गेलं. आवाज जवळजवळ नाही. नाकाडावरचा रंग खरवडलेला होता, वर्षानुवर्षं या भिंतींना घासून घासून.

पूर्वी खलाशी दोर टाकून जहाज बांधायचे. आता लॉकच्या भिंतीतूनच मोठे चौकोनी पॅड पुढे येतात आणि जहाजाच्या अंगाला हवा शोषून चिकटतात, पाल भिंतीला चिकटते तसे. जहाज वर चढतं तसे तेही रुळावरून वर सरकतात. मागचे दरवाजे मिटले. ते अगदी सरळ मिटत नाहीत. दोन्ही पाखं मध्ये किंचित कोन करून भेटतात आणि कोनाचं टोक वरच्या पाण्याकडे असतं. अण्णांनी माझा दंड धरला. "बघ, बघ. पाणी जितकं रेटेल तितका दरवाजा घट्ट बसणार. कडी-कोयंडा लागतच नाही."

मी मोबाइलवर घड्याळ लावलं. आधी जहाजाचं डेक आमच्या पायांखाली खोल होतं, एक खलाशी चहाचा मग घेऊन फिरत होता, त्याचं टक्कल दिसत होतं. मग ते टक्कल वर यायला लागलं. मग खांदे, मग तो समोरासमोर, मग आम्हीच मान वर करून त्याच्याकडे बघत होतो. त्यानं आईला हात केला. अकरा मिनिटं. १४ मीटर.

"पंप कुठंय?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, पंप नाही.

"नसेल कसा? एवढं पाणी वर आलं."

तिथं एक पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक आजोबा होते. त्यांनाही विचारून झालं. तेही तेच म्हणाले. वरच्या बाजूच्या झडपा उघडतात, भिंतीतल्या बोगद्यांतून पाणी आपल्या वजनानं लॉकमध्ये उतरतं, जहाज तरंगत वर येतं. उतरायचं असेल तर खालच्या झडपा उघडायच्या. वीज लागते ती दरवाजे आणि झडपा हलवायला. अण्णांनी लॉकची मापं विचारली, डायरी काढली आणि बाकावर बसले. नऊ कोटी लिटरच्या आसपास. त्यांच्या भाषेत तीन दशलक्ष घनफूट. अकरा मिनिटांत, म्हणजे पाच हजार क्यूसेकच्या घरात. "सव्वातीनशे जहाजं चढली की एक टीएमसी," ते स्वतःशीच म्हणाले. उजनी एकशे सतरा टीएमसीची. मग बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "आम्ही आयुष्यभर उतारानं पाणीच नेलं. हे लोक उतारानं पाणी सोडतात आणि जहाज वर नेतात."

हा कालवा चौथा आहे. पहिला १८२९ चा, चाळीस लाकडी लॉकचा. विल्यम हॅमिल्टन मेरिट नावाच्या गिरणीवाल्यानं पुढाकार घेतला होता, त्याच्या गिरणीला पाणी पुरत नव्हतं म्हणून. आजचा कालवा १९१३ ते १९३२ मध्ये झाला आणि त्यात शंभराहून जास्त कामगार मेले. लॉकजवळच त्यांचं स्मारक आहे, नावांसकट. आई आणि मी आइस्क्रीम घेऊन आलो तरी अण्णा तिथंच, एकेक नाव वाचत उभे. साइटवर माणूस गेला की पुढे काय काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे.

दिवस दुसरा

हा आईचा दिवस. ऑन्टारियो सरोवर म्हणजे सपाट पाणी, लॉक नाही, चढ नाही, जहाजं सरळ जातात. आम्ही मात्र टोरांटोच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो. किंग्स्टनला सरोवर संपून सेंट लॉरेन्स नदी सुरू होते आणि थोडं पुढे गॅनानॉकवेला हजार बेटं. मोजली तर १,८६४. बेट म्हणवून घ्यायला बारा महिने पाण्याबाहेर राहायचं आणि निदान दोन झाडं पाहिजेत, असा इथला नियम सांगतात. एका बेटावर एक घर, एक झेंडा, एक खुर्ची आणि संपलं बेट. आईला काळजी पडली की यांचं दूध कोण आणत असेल.

बोटीतून पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसलं. वाटलं, वा! पण त्यामागे झेब्रा शिंपले आहेत. परदेशी जहाजांच्या तळात तोल राखायला भरलेल्या पाण्यातून ते आले, १९८८ मध्ये पहिल्यांदा सापडले, आणि आता पाण्यातलं अन्नच गाळून खातात. माशांनी काय खायचं? समुद्राचं दार उघडलं की नुसती जहाजंच आत येत नाहीत.

रात्री मोटेलवाल्याला आमचं बुकिंगच सापडेना. तासाभरानं सापडलं, ते पुढच्या महिन्याचं. चूक त्याची की माझी, यावर आई आणि माझं अजून एकमत नाही. शेवटी एका खोलीत तिघं.

दिवस तिसरा

इरोक्वॉय गावचा लॉक बघायला सकाळी पोचलो. इथं पाणी थोडंसंच बदलतं, जहाज आलं आणि जवळजवळ न थांबता गेलं. मला वाटलं अण्णा नाराज होतील. पण ते गावाकडे बघत होते. "हे गाव नवं आहे," म्हणाले. "सगळी घरं एका वयाची. पुनर्वसन आहे."

कसं ओळखलंत म्हटलं, तर हसले फक्त.

खरंच होतं. या पट्ट्यात नदीला मोठे खळाळ होते, लाँग सूचा तर फारच दांडगा. ते बुडवायला आणि वीज काढायला कॉर्नवॉलपाशी धरण बांधलं. १ जुलै १९५८ ला सकाळी आठ वाजता तीस टन स्फोटकं लावून तात्पुरता बांध उडवला आणि चार दिवसांत सेंट लॉरेन्स लेक भरलं. ऑन्टारियोच्या बाजूची मिल रोश, मूलिनेट, ऑल्ट्सव्हिल, डिकिन्सन्स लँडिंग अशी गावं आणि वाड्या पाण्याखाली गेल्या. साडेसहा हजार माणसं हलली. इरोक्वॉय उठवून आत नेलं, इंगलसाइड आणि लाँग सू ही गावं नव्यानं वसवली.

लाँग सूजवळ ऑल्ट पार्कमध्ये बुडीत गावांचं छोटं संग्रहालय आहे. हलवून आणलेलं स्टेशन, शाळा, चर्च, न्हाव्याचं दुकान. पाचशेवर घरं अख्खीच्या अख्खी उचलून नेली होती, चाकांच्या राक्षसी सांगाड्यावर. इतकी अलगद, की बायकांना सांगितलं होतं कपबशा कपाटातच राहू द्या. आईला हे फोटो फार आवडले. "आपल्याकडे माणसं चालत गेली," ती म्हणाली, "आणि यांची घरं गेली."

न्हाव्याच्या दुकानात खुर्ची, आरसा, वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा, सगळं जागच्या जागी. अण्णा आरशासमोर उभे राहिले आणि काही न विचारता बोलायला लागले.

"मी लागलो तेव्हा बावीसचा होतो. पहिलं काम मोजणीचं. घराचे खण मोजायचे, भिंत मातीची की दगडाची ते लिहायचं, विहीर, झाडं. आंबा, चिंच, लिंब, सगळ्यांचे दर ठरलेले. एका म्हातारीच्या दारात प्राजक्त होता. त्याला दर नव्हता. ती मागं मागं फिरत होती, साहेब, माझं झाड लिहिलं का? मी काय साहेब, हातात टेप धरणारा. म्हटलं, लिहिलं आजी."

"मग लिहिलंत?" मी विचारलं.

"कुठल्या रकान्यात लिहू?"

आई बाहेर गेली होती. ही गोष्ट तिला माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही.

दुपारी लाँग सू पार्कवेवर गेलो. बुडालेल्या टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहिले, त्या अकरा बेटांना जोडणारा हा रस्ता. एका ठिकाणी जुना हायवे नंबर दोन दिसतो. डांबरी रस्ता गवतातून सरळ येतो आणि तसाच सरळ पाण्यात जातो. वळत नाही, थांबत नाही. अण्णा बूट काढून, पॅन्ट दुमडून त्या रस्त्यानं घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत चालत गेले. उन्हाळ्यात उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक होडीनं, कधी चालत बघायला जातात. अण्णा इतकी वर्षं तिथं राहून एकदाही गेले नाहीत. इथं दहा मिनिटं उभे होते.

आईनं पाय पुसायला तिचा नॅपकिन दिला. "शेवाळ आहे, घसरला असता," एवढंच म्हणाली.

दिवस चौथा

पुढचे दोन लॉक, आयझेनहॉवर आणि स्नेल, पलीकडे अमेरिकेत मसिनाला आहेत. अण्णा-आईकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. त्यामुळे कॉर्नवॉलच्या काठावरून नुसतं धरणाच्या दिशेनं बघितलं. या धरणाच्या वीजघरातून आंतरराष्ट्रीय सीमा जाते, अर्धी यंत्रं कॅनडाची, अर्धी अमेरिकेची. अण्णांना कर्नाटक-महाराष्ट्र आठवलं. "पाणीवाटप कोण बघतं?" दोन्ही देशांचा संयुक्त आयोग आहे, १९०९ च्या करारातून आलेला, म्हटल्यावर त्यांनी डायरीत टिपून ठेवलं.

अमेरिका या कामाला सहजासहजी तयार नव्हती. तिथल्या रेल्वे कंपन्यांना आणि पूर्वेच्या बंदरांना धंदा जाईल याची धास्ती होती. शेवटी कॅनडानं आम्ही एकटेच बांधतो असं ठरवलं, तेव्हा १९५४ मध्ये अमेरिकेनं कायदा केला.

क्यूबेकमध्ये शिरल्यावर पाट्या फ्रेंच झाल्या आणि माझा आत्मविश्वास गेला. बोआर्न्वापाशी मात्र मजा आली. रस्ता बोगद्यात शिरतो आणि वरून लॉक जातो. म्हणजे आपण गाडीत, आणि आपल्या डोक्यावर जहाज. आई डोळे मिटून बसली. अण्णा खिडकीतून वर छताकडे, गळती दिसते का ते बघत होते.

पुढे काठानं कानावागे लागतं, मोहॉक लोकांचं गाव. इथं कालवा थेट त्यांच्या गावच्या कडेनं खणला. हजारावर एकर जमीन गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, उपयोग झाला नाही. मासेमारी करणाऱ्या, पोहणाऱ्या गावाला नदीच उरली नाही. गावासमोर आहे तो कालवा, नदी त्याच्या पलीकडे. या गावाचं घर उचलून कुणी नव्या जागी नेलं असतं तरी नदी कुठून आणणार?

संध्याकाळी सेंट लँबर्ट, समुद्राकडून येणाऱ्याचा पहिला लॉक. २६ जून १९५९ ला राणी एलिझाबेथ आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इथंच उद्‌घाटन केलं. इथं व्हिक्टोरिया ब्रिजची गंमत आहे. लॉकच्या दोन्ही टोकांना एकेक उचलता पूल. जहाज एका पुलाखालून जात असेल तर गाड्या दुसरीकडून सोडतात. एक पूल खाली येतो, दुसरा वर जातो. अण्णा म्हणाले, "हा ज्यानं सुचवला त्याला दोन जादा इन्क्रिमेंट पाहिजेत."

दिवस पाचवा

लाशीनचे खळाळ. याच उसळत्या पाण्यामुळे जुन्या काळी जहाजं माँट्रियलपाशी थांबायची आणि म्हणून तिथं शहर झालं. पलीकडे चीन सापडेल म्हणून निघालेल्या ला साल नावाच्या फ्रेंचाची लोकांनी टर उडवली आणि त्याच्या जमिनीला ला शीन, म्हणजे चीन, नाव पडलं. १८२५ मध्ये उघडलेला लाशीन कालवा आता मालवाहतुकीला बंद. काठावर लोक सायकली चालवतात, पिकनिकची चादर पसरतात. अण्णांना जुन्या लॉकचे चिरे फार आवडले, हात फिरवून बघितले.

दुपारी जुन्या बंदरावर. आईनं चार दिवस धीर धरला होता. "समुद्र कुठंय?"

समुद्र अजून दीड हजार किलोमीटरवर आहे, हे तिला सांगितलं नव्हतं. ती पायऱ्या उतरली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला फसवून आणलं होतं. "गोडं आहे."

समोर एक सॉल्टी उभं होतं, गंजलेलं, नाव ग्रीक का कुठल्याशा लिपीत. धान्य भरत होतं की उतरवत होतं ते कळलं नाही. आजकालची मोठी कंटेनर जहाजं या लॉकमध्ये मावतच नाहीत. बांधून होईतो जगातली जहाजं मोठी झाली. अण्णा म्हणाले, सगळ्या कालव्यांचं तेच होतं, मंजुरी येईस्तोवर मागणी पुढं गेलेली असते.

रात्री नऊला हॉटेलच्या खोलीत ते खिडकीपाशी बसून सोलापूरला फोन लावत होते, बरोबर नोकरीला असलेल्या एका मित्राला. तिकडं सकाळचे साडेसहा. मी आणि आई बॅगा भरत होतो.

"अरे झोपलास काय? ऊठ. ऐक. जहाज, सव्वादोनशे मीटर. व्हय. चौदा मीटर वर. अकरा मिनिटात. नाही रे... नाही, पंप नाही. एक पण नाही. मी स्वतः बघितलं."